वकिलाच्या टेबलावरची नवी साधने आणि आपली केस
(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या वर्गात आम्हाला विषय दिला आहे तो असा की, वकील मंडळी हल्ली कोणती नवी साधने वापरतात आणि त्यातले आपल्या उपयोगाचे काय. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. वकील नाही आणि संगणकाचे जाणकारही नाही. पण खात्याच्या चौकशीत कर्मचाऱ्याच्या बाजूने डिफेन्स कौन्सिल म्हणून बसण्यात आमची बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावर चार गोष्टी सांगतो.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. आमच्या एका गँगमन साथीला एसएफ-५ ची चार्जशीट मिळाली. आरोप असा की, रात्रीची गस्त सोडून तो परवानगीशिवाय घरी गेला. खरे म्हणजे सुपरवायझरने त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आज जा, उद्या ये’ असे कळवले होते. तो मेसेज आम्ही डोळ्यांनी पाहिला. आम्ही त्याला सांगितले, ‘स्क्रीनचा फोटो काढ, प्रिंट घे, फाइलला लाव.’ त्याने तसे केले. दोन महिन्यांनी फोनची काच फुटली आणि त्याने जुना फोन दुकानात देऊन नवा घेतला. चौकशीत सुपरवायझर म्हणाला, असा मेसेज मी केलाच नाही. चौकशी अधिकाऱ्याने मूळ फोन मागितला. फोन कुठे होता? दोन वर्षांची वेतनवाढ थांबली. त्या साथीने आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही, पण सल्ला आमचाच होता.

तेव्हा पहिली गोष्ट पुराव्याची. मोबाइल आणि संगणकातला पुरावा कोर्टात कसा चालतो, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली एका निकालात स्पष्ट केले. ती केस आपल्या जालन्याची आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने तो निकाल ओळखला जातो. कोर्टाने सांगितले की, मूळ यंत्रच हजर केले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर वेगळ्या दाखल्याची गरज नाही. नक्कल लावायची असेल तर कायद्यातला दाखला हवाच. पण त्या केसमध्ये अधिकाऱ्यांकडे दाखला वारंवार मागूनही मिळाला नव्हता. मागणाऱ्याने शक्य ते सगळे केले होते, म्हणून कोर्टाने त्याला त्या अटीतून सूट दिली. यातून आपण एक शिकायचे. दाखला मिळो न मिळो, मागणी लेखी करायची आणि पोच जपून ठेवायची.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये या दाखल्याचे दोन भाग केले आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. हा फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो आणि लबाडी उघडी पडते.

खात्याच्या चौकशीला पुरावा कायदा कोर्टासारखा काटेकोर लागू नसतो. तरी ‘मूळ दाखवा’ हा प्रश्न तिथेही येतो. म्हणून केस सुरू असेपर्यंत फोन विकू नका, बदलू नका, मेसेज पुसू नका. पूर्ण संभाषण ‘एक्स्पोर्ट’ करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. स्टेशन किंवा पोस्ट ऑफिसच्या कॅमेऱ्याचे चित्रण पुरावा असेल तर त्याच दिवशी अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या की, अमुक तारखेचे, अमुक वेळेचे चित्रण जपून ठेवावे. जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये भरून ऑनलाइन करता येतो, पण त्याच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. तोवर चित्रण राहीलच असे नाही. म्हणून आधी पत्र, मग अर्ज.

दुसरी गोष्ट तारखेची. आज वकिलाच्या फोनवर प्रत्येक केसची तारीख येते. जिल्हा न्यायालय आणि हायकोर्टातल्या केसला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ‘ई-कोर्ट्स’ अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि झालेले हुकूम दिसतात. आपल्या कॅटची, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाची, वेगळी वेबसाइट आहे. त्यावर केसची स्थिती आणि हुकूम पाहता येतात. पक्षकारानेही ते स्वतः पाहावे. वकिलाला फोन करकरून विचारण्याची वेळ येऊ नये.

पण कॅटमध्ये जाण्याची मुदत कोणतेही अ‍ॅप आपणहून सांगत नाही. ती आपणच मोजून फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायची. शिक्षेच्या हुकमावर अपील ४५ दिवसांत. अपिलावर अंतिम हुकूम आला तर तिथून एक वर्षात कॅट. हुकूमच आला नाही तर अपील केल्यापासून सहा महिने थांबायचे आणि ते संपल्यापासून एक वर्षात जायचे. समजा १ मार्चला अपील केले आणि उत्तर नाही. ऑगस्टअखेर सहा महिने संपले. मग पुढच्या वर्षीच्या ऑगस्टअखेरच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. मधल्या काळात कितीही स्मरणपत्रे दिली तरी मुदत वाढत नाही. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी १९८९ साली एस. एस. राठोड यांच्या केसमध्ये हे सांगून ठेवले आहे. आपली किती माणसे ‘साहेब बघतो म्हणाले’ यावर दोन-दोन वर्षे बसून राहतात!

तिसरी गोष्ट अंतराची. आपली मराठी माणसे इटारसीला आहेत, हुबळीला आहेत, सिकंदराबाद, बडोद्याला आहेत. कॅटचा अर्ज साधारणपणे नेमणुकीच्या ठिकाणच्या किंवा जिथे अन्याय घडला तिथल्या पीठाकडे करायचा असतो. म्हणजे इटारसीवाल्याला जबलपूर, हुबळीवाल्याला बंगळुरू. निवृत्त माणसाला मात्र तो राहतो तिथल्या पीठाकडे जाता येते. आता ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे आणि २०२० च्या करोनाकाळात व्हिडिओवरच्या सुनावण्या सुरू झाल्या. आपल्या पीठात तशी सुनावणी मिळते का, हे वकिलाला विचारा. रजा आणि प्रवास दोन्ही वाचतील. कागद फोनवरच स्कॅन करता येतात, पण पाने क्रमाने, क्रमांक घालून, आणि फाइलच्या नावात कागदाची तारीख हवी.

चौथी गोष्ट भाषेची आणि नव्या ‘बुद्धिमान’ यंत्रांची. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली ‘सुवास’ नावाचे भाषांतराचे सॉफ्टवेअर आणले. त्याच्या मदतीने निकाल मराठीतही होतात आणि फुकट वाचता येतात. जरूर वाचा. मात्र ते भाषांतर समजून घेण्यापुरते असते, कोर्टापुढे इंग्रजी निकालच धरला जातो. आणि हल्ली एआयला प्रश्न विचारला की फडाफड उत्तर येते, केसची नावेसुद्धा येतात. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असे निकाल कोर्टात लावले आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. शिकलेल्या वकिलांचे हे झाले, तर आपण किती सावध असावे? एआयने सांगितलेला निकाल सुप्रीम कोर्टाच्या किंवा कॅटच्या वेबसाइटवर स्वतः उघडून वाचल्याशिवाय अपिलात घालायचा नाही. आणि साथीची चार्जशीट, वैद्यकीय कागद, घरच्या गोष्टी अशा यंत्रात टाकायच्या नाहीत. त्याने आपल्यावर विश्वासाने सोपवलेले कागद आहेत ते.

बंधू-भगिनींनो, शेवटी प्रत्येक शाखेकडे आमचे एकच मागणे आहे. शाखेत एक रजिस्टर ठेवा. चार्जशीट मिळाल्याची तारीख, अपिलाची तारीख, सहा महिने कधी संपतात, कॅटची शेवटची तारीख आणि मूळ पुरावा कोणाकडे आहे, एवढे पाच रकाने. दर महिन्याच्या बैठकीत ते वाचून दाखवा. ज्याला फोन चांगला कळतो अशा एका तरुण साथीकडे हे काम द्या आणि आमच्यासारख्या जुन्याला त्याच्या शेजारी बसवा.

त्या गँगमन साथीचा मुलगा आता आमच्या शाखेचे हे रजिस्टर लिहितो. पाचवा रकाना त्यानेच वाढवायला लावला.