कांद्याच्या मुळांतील हिशेब

हंगामांत सोलापूरच्या बाजार समितींत कांद्याच्या गोण्या काट्यावर चढतात. पण त्या काट्याहूनही काटेकोर हिशेब कांद्याच्या मुळांत चालतो. कांद्याचें बूड पाण्यास टेकवून ठेविलें, तर थोड्याच दिवसांत पांढरीं मुळें फुटतात. त्यांच्या टोकाशीं पेशींचें विभाजन अखंड सुरू असतें.

तेथील पेशींत १६ गुणसूत्रें असतात. विभाजनापूर्वीं प्रत्येकाची हुबेहूब प्रत तयार होते. मग तीं आखडून जाड होतात, मध्यभागीं रांगेनें उभीं राहतात, आणि सूक्ष्म तंतू एकेक प्रत विरुद्ध टोकांस ओढून नेतात. मध्यें भिंत उभी राहते. दोहींकडे पुनः सोळाच! या क्रियेस जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनीं १८८२ सालीं 'मायटोसिस' हें नांव दिलें.

मनुष्याच्या ४६ गुणसूत्रांच्या पेशींतही हाच क्रम असतो. जखम भरून येते ती त्यामुळेंच. परंतु थांबण्याची आज्ञा न मानतां पेशी वाढतच राहिल्या, म्हणजे कर्करोग होतो. अंगणांतल्या सदाफुलीपासून मिळणारें व्हिन्क्रिस्टीन हें औषध त्या तंतूंचीच उभारणी मोडतें. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर डॉक्टर तें योजतात. सदाफुलीचें झाड मात्र विषारी आहे. तिचा घरगुती काढा कोणींही घेऊं नये.