संगणकांतील ड्राइव्हांचीं अक्षरें

जुन्या काळीं खेडेगांवांत कुळकर्ण्याच्या दप्तराला मोठी किंमत असे. शेत जागच्या जागींच असे. बांध हलत नसे, विहीर हलत नसे. परंतु तें शेत कोणत्या नांवानें आणि कोणत्या क्रमांकानें ओळखावयाचें, हें दप्तरांत लिहिलेलें असे. दप्तर जळालें म्हणून शेत जळत नसे. तंटे मात्र उभे राहत. संगणकावर नवी विंडोज चढवितांना ड्राइव्हांच्या अक्षरांचें जें होतें, तें या दप्तरासारखेंच आहे.

तालुक्याच्या गांवांतील एखादा छोटा छापखाना डोळ्यांसमोर आणावा. तेथील संगणकांत विंडोज आहे 'सी' या अक्षरावर. बाकीच्या ड्राइव्हांना मालकानें आपल्या सोयीचीं अक्षरें दिलेलीं आहेत: पत्रिकांना 'पी', फोटोंना 'एफ', हिशेबाला 'एच'. प्रत्येक लग्नपत्रिकेच्या माथ्यावरचा गणपति 'पी' मधून घेतलेला. हिशेबाच्या प्रोग्रामला वह्यांची जागा 'एच' म्हणून सांगितलेली. रात्रीं सगळ्याची नक्कल काढणारा प्रोग्राम बाहेरून जोडलेल्या डिस्कला 'एन' या अक्षरानें ओळखतो. एके दिवशीं विंडोज बिघडते. दुरुस्तीवाला येतो, 'सी'ला 'फॉरमॅट मारतो' आणि नवी विंडोज टाकून जातो. सकाळीं पाहावें तों 'पी' नाहीं, 'एच' नाहीं; डी, ई, एफ अशीं ओळीनें अक्षरें लागलेलीं. 'एफ' आहे, पण त्यांत फोटोंच्या जागीं हिशेब! पत्रिका उघडली तर गणपतीच्या जागीं रिकामी चौकट. मालकाच्या पोटांत गोळा येतो. वास्तविक त्याचें कांहींच गेलेलें नसतें.

याचें कारण असें कीं, ड्राइव्हचें अक्षर त्या ड्राइव्हवर लिहिलेलें नसतेंच. त्याच्यावर लिहिलेलें असतें तें लेबल, म्हणजे धन्यानें दिलेलें नांव. डिस्क दुसऱ्या यंत्रांत नेली तरी तें तिच्याबरोबर जातें. अक्षर असतें विंडोजच्या रजिस्ट्रींत, आणि विंडोज पुसली कीं रजिस्ट्रीहि पुसली जाते. नवी विंडोज म्हणजे कोरें दप्तर घेऊन आलेला नवा कुळकर्णी. तो आपल्या वाटेनें जें घर आधीं लागेल त्याला पहिला क्रमांक देत सुटतो.

ही अक्षरांची चाल बरीच जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रांत १९६० नंतरच्या दशकांत झालेल्या कामापर्यंत तिचा माग लागतो. गॅरी किल्डॉल यांनीं १९७४ मध्यें रचलेल्या सीपी/एम या प्रणालींत तीच चाल होती, आणि तेथून ती डॉसमध्यें आली. १९८१ सालीं आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर निघाला, तेव्हां फ्लॉपीच्या दोन खणांना ए आणि बी हीं अक्षरें होतीं. १९८३ च्या एक्सटी या यंत्रांत हार्ड डिस्क आली, तिला तिसरें अक्षर मिळालें. फ्लॉपी केव्हांच अस्तंगत झाली, पण 'सी' आपल्या जागेवरून हलला नाहीं!

डॉसला स्मरण म्हणून नव्हतें. प्रत्येक वेळीं यंत्र सुरू होतांना तो पंगत नव्यानें बसवी. आधीं प्रत्येक डिस्कचा पहिला मुख्य विभाग, मग उरलेले पोटविभाग. दुसरी डिस्क जोडली कीं तिचा मुख्य विभाग वरच्या पाटावर येऊन बसे, आणि घरचा 'डी' सरकून 'ई' होई. विंडोज एनटीनें अक्षर लक्षांत ठेवण्याची सोय केली, आणि विंडोज २००० पासून हें काम माउंट मॅनेजर नांवाच्या भागाकडे आलें. त्याच्या नोंदी रजिस्ट्रींतील माउंटेड डिव्हायसेस या कप्प्यांत असतात. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवरील विभागाची ओळख तेथें अवघ्या १२ बाइटांत मावते: ४ बाइट डिस्कच्या सहीचे आणि ८ बाइट विभाग कोठें सुरू होतो तें सांगणारे. नव्या जीपीटी पद्धतींत प्रत्येक विभागाला स्वतःचा १६ बाइटांचा क्रमांक असतो. म्हणूनच एकदां दिलेलें अक्षर, डिस्क काढून पुन्हां त्याच विंडोजला जोडली तरी, सहसा परत मिळतें. विभाग मोडून नव्यानें केला तर मात्र ती ओळख तुटते.

विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे त्याचें अक्षर ही निराळीच बाब आहे. तें चढवितांनाच ठरतें आणि मागाहून बदलूं नये. बदलल्यास शेंकडों नोंदी खोट्या पडतात. एक्सपीच्या काळांत यूएसबीचा कार्डवाचक जोडलेला राहिला, तर नवी विंडोज भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. व्हिस्टा आणि विंडोज ७ यांत तबकडीवरून यंत्र सुरू केलें तर नव्या विंडोजला 'सी' मिळे. चालू विंडोजमधूनच दुसऱ्या विभागावर ती चढविली तर त्या विभागाचें आधींचें अक्षर कायम राहत असे. कित्येक जाणत्यांनीं या युक्तीवर वर्षानुवर्षें काम भागविलें. जुनी विंडोज न पुसतां तिच्यावरच नवी आवृत्ति चढविली, तर दप्तर शाबूत राहतें आणि अक्षरांचा प्रश्नच उभा राहत नाहीं.

खरा धोका निराळाच आहे. तबकडीवरून वा पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू झालें, म्हणजे चढविणारा प्रोग्राम स्वतः 'एक्स' या अक्षरावर बसतो आणि बाकीच्यांना आपल्या हिशेबानें अक्षरें देतो. त्या वेळचा 'डी' हा घरचा 'डी' असेलच असें नाहीं. 'डी तर रिकामाच आहे' अशा भरंवशावर कोणी काळ्या पडद्यावर फॉरमॅटची आज्ञा दिली, तर दहा वर्षांचे फोटो क्षणांत जातात. आणि हें नुकसान अक्षर बदलण्यासारखें फुकाचें नसतें. तेथें ओळखावें तें लेबलावरून आणि आकारावरून. ड्राइव्हांना लेबलें न देणारा मनुष्य या घटकेला अगदीं आंधळा होतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपल्यानें पुष्कळ घरीं हें काम निघालें. त्यांतलीं किती लेबलें कोरीं असतील!

म्हणून विंडोज काढण्यापूर्वीं डिस्क मॅनेजमेंटची खिडकी उघडून प्रत्येक ड्राइव्हचें अक्षर, लेबल व आकार कागदावर उतरून घ्यावा. कागदावरच, त्याच संगणकावर ठेवलेली यादी ऐन वेळीं दिसत नाहीं. बाहेरच्या डिस्का आणि कार्डवाचक काढून ठेवावे. नवी विंडोज लागली कीं पहिलें काम अक्षरांचें, प्रोग्राम मागाहून. कारण प्रोग्राम जें अक्षर पाहतात तेंच धरून बसतात. दोन ड्राइव्हांत अदलाबदल हवी असेल, तर एकाला आधीं तिसरें मोकळें अक्षर द्यावें लागतें. डिस्कपार्टमध्यें व्हॉल्यूम निवडून असाइन ही आज्ञा दिली तरी तेंच काम होतें. घरची अक्षरें 'एम'पासून पुढें ठेवणें शहाणपणाचें. नव्यानें जोडलेला पेनड्राइव्ह आरंभाकडचें मोकळें अक्षर उचलतो. अगदीं शेवटचींहि नकोत, कारण जाळ्यावरील ड्राइव्ह जोडतांना विंडोज 'झेड'पासून मागें येत सुचविते.

छापखान्यांतील कागदावर तीन ओळी असतात. 'एफ'वर बसलेल्या हिशेबाला 'एच' दिलें कीं 'एफ' मोकळें होतें, तें फोटोंना जातें. मग पत्रिकांना 'पी'. पत्रिका उघडते, गणपति माथ्यावर असतो. राहतो तो रात्रीचा नकलेचा प्रोग्राम. बाहेरची डिस्क जोडून तिला 'एन' द्यावें, एक नक्कल मुद्दाम काढावी, आणि तिच्यांतली एखादी वही उघडून पाहावी.