वार्धक्यातील रक्तदाब आणि नित्याचे चालणे
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांविषयी आदर आहे. परंतु त्या आदराचे एक रूप आम्हांस चिंतेचे वाटते. साठी उलटली की मुले व सुना म्हणतात, "आता तुम्ही स्वस्थ बसा." त्यातच रक्तदाब निघाला, तर पाण्याचा तांब्यादेखील बसल्या जागी आणून दिला जातो. ही सेवा प्रेमाची खरी, परंतु हिताची नव्हे.

दवाखान्यात निरनिराळ्या वेळी मोजूनही रक्तदाब 140/90 वा त्याहून अधिक भरला, तर तो सामान्यतः उच्च मानतात. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच अधिक घातक. पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडांची हानी यांचे ते एक मोठे कारण होय. नियमित चालण्याने रक्तवाहिन्या सैलावतात व हृदयाचा भार हलका होतो. उच्च रक्तदाब असणाऱ्यांचा वरचा आकडा अशा व्यायामाने सरासरी 5 ते 8 अंकांनी उतरतो. मात्र व्यायाम सोडला की हा लाभही ओसरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली वृद्धांसाठीही आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. सवय नसल्यास आरंभी 10 मिनिटेही पुरेत. श्रमाचे माप सोपे आहे: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. काही औषधांनी नाडी मंद राहते, तेव्हा नाडीपेक्षा हेच माप बरे. प्रारंभी व अखेरीस 5 मिनिटे सावकाश चालावे. एकाएकी थांबल्यास घेरी येण्याचा संभव असतो. गुडघे साथ देत नसतील, त्यांनी खुर्चीत बसून हातपाय हलवावेत.

छातीत कळ, भोवळ किंवा अतिशय धाप जाणवल्यास तत्काळ थांबावे व डॉक्टरांस गाठावे. रक्तदाब 180/110 च्या घरात असल्यास त्यांच्या सल्ल्यावाचून व्यायामास आरंभ करू नये. आणि बरे वाटते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत; चालणे हे औषधाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नव्हे.

पडण्याच्या भयाने अनेक वृद्ध उंबरा ओलांडीत नाहीत. तेव्हा प्रत्येक कुटुंबातील एका तरुणाने सायंकाळी अर्धा तास त्यांच्यासमवेत, त्यांच्या पावलाने चालावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.