वणवा कुणाचा, वेठ कुणाची?

(औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, इथं तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)



आजचा विषय वणवा. विषय ऐकून काहींनी तोंडं वाकडी केली. झाडं, पाखरं, डोंगर हा पोटभरल्यांचा छंद, चळवळीला त्याचं काय, असं आपल्यात मानलं जातं. पण आपण पाठ फिरवली म्हणून कायदा थांबत नाही. तो पाठीवर येऊन बसतो. म्हणून ऐका.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रात वनखात्याच्या हिशेबी आगीचा हंगाम. साग पानं टाकतो, कुसळी वाळून कडकडीत होते, वारा सुटतो. कन्नडच्या गौताळ्यापासून विद्यापीठामागच्या लेण्यांच्या डोंगरापर्यंत सगळं रान एका काडीची वाट बघत असतं. वनाधिकारी मोकळीक देईल तो काळ सोडून राखीव जंगलात आग पेटवायची नाही, ठेवायची नाही, सोबत न्यायची नाही, असं कायदा म्हणतो. उन्हाळ्यात हे कडक होतं. चूल नाही, विडी नाही, मोहाखालचा पाला जाळणं नाही.

बंदी हवी. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, हा जंगलं पेटवा म्हणत होता. वणवा लागला की पहिलं पोट कुणाचं जळतं? बागायतदाराच्या गोठ्यात विकतचा कडबा असतो. भूमिहीनाच्या दोन शेळ्या डोंगरावरच चरतात. गवत जाळलं की नवं जोमानं येतं, ही समजूत गावोगाव आहे. कोंब येतात, खरंय. पण बी जळतं, झाडांची रोपं जळतात, उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते. असं दरसाल झालं की डोंगरावर दगड उरतात. मग सरपणासाठी आपलीच बाई आणखी कोसभर चालते.

तेव्हा आपलं भांडण बंदीशी नाही. बंदी कोण घालतो, कुणावर घालतो आणि विझवायला कुणाला धाडतो, ह्याच्याशी आहे.

आता कायदा उघडा. भारतीय वन अधिनियम, साल १९२७. हे साल आपल्याला पाठ आहे. त्याच साली २५ डिसेंबरला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली. म्हणजे एकाच वर्षी साहेबानं रानातली आग आपल्या हुकमात घेतली आणि आपल्या बापजाद्यांनी आग स्वतःच्या हातात घेतली. मराठवाडा तेव्हा निजामाकडं होता. पुढं हाच इंग्रजी कायदा आपल्यालाही लागू झाला आणि आजही आहे.

त्याचं कलम ७९ वाचा. जंगलात ज्याची गुरं चरतात, जो तिथून लाकूडफाटा आणतो, त्यानं वणवा दिसताच खबर द्यायची आणि कुणी बोलावो न बोलावो, विझवायला धावायचं. नाही धावला तर मूळ कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि पुढं आणखी एक जण बांधलाय : जंगलालगतच्या गावात गावच्या सेवेसाठी सरकारकडून मोबदला घेणारा. १९२७ साली ब्रिटिश मुलखात असा गावकामगार कोण? पाटील, कुलकर्णी आणि महार. डोंगर पेटल्यावर ह्या तिघांतला कोण पळत असेल, हे सांगायला साक्षीपुरावा लागतो काय? पुढच्याच वर्षी, १९२८ ला, बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. वेठ म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

दुसरं कलम २६. राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली, तर गुन्हेगाराला शिक्षा झाली तरी वर सरकार तिथल्या चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क वाटेल तितका काळ बंद ठेवू शकतं. काडी एकानं टाकायची, शेळ्या सगळ्या वस्तीच्या उपाशी. ज्याची जमीन आहे तो बांधावर चारेल. ज्याच्याकडं बांधच नाही त्यानं काय चारायचं? कायद्याची पुस्तकं?

आता विझवणारा बघा. वणवा भरदुपारी अंगावर घेता येत नाही. ऊन उतरलं, वारा पडला की माणसं कडेनं शिरतात, ओल्या फांद्यांनी ज्वाळा झोडपतात. आगीच्या वाटेतला पाला ओढून पट्टा साफ करतात, त्याला जाळरेषा म्हणतात. आग चढावर धावते, म्हणून वरच्या अंगाला उभं राहणं म्हणजे मरण. हे ज्ञान कुठल्या कॉलेजात मिळत नाही. ते आहे भिल्लवस्तीवर, तांड्यावर, आपल्या वस्तीवर. आणि हे ज्ञान विकत घेतलं जातं हंगामी रोजंदारीवर. अलीकडं ठिकठिकाणी पाला उडवणारी ब्लोअर यंत्रं आली. आकाशातला उपग्रह पावणेचारशे मीटरच्या चौकोनातली आग हेरतो, मोबाइलवर निरोप येतो. उपग्रहाला आग दिसते. ती विझवणाऱ्याच्या पायातली फाटकी चप्पल त्याला दिसत नाही.

आगीचं नाव काढलं की मराठवाड्यातल्या आपल्या माणसाला डोंगर आठवत नाही, १९७८ आठवतं. २७ जुलैला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगाव वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारून जाळलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. घर जाळणं तेव्हाही गुन्हाच होता. पण महारवाडा जळताना गावानं, कुणी बोलावो न बोलावो, विझवायला धावलंच पाहिजे असं कलम मला दाखवा. सागासाठी ते १९२७ पासून आहे.

शहरातही तीच तऱ्हा. हरित लवादानं डिसेंबर २०१६ ला उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली. दंड पाच हजार, मोठा ढीग असेल तर पंचवीस हजार. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि ह्या शहरात रस्त्यारस्त्यावर ढीग साचले. गाडी येत नाही, ढीग हलत नाही, तेव्हा झाडूवाल्याच्या हातात काडी येते. दंडाचं बोट मात्र काडीवर थांबतं, कंत्राटापर्यंत वर चढत नाही.

मग करायचं काय? चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा. गोंडांचं गाव. २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपानात रोकड पैसा, पण चांगली पालवी फुटावी म्हणून झाडं छाटतात, रान पेटवतात. ग्रामसभेनं तेंदू तोडणंच बंद केलं. बंदी तीच. पण घालणारे आणि पाळणारे एकच, म्हणून तिला लाठीची गरज पडली नाही.

आपल्याकडं हा रस्ता अवघड करून ठेवलाय. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, राहिल्याचं आणि जंगलावर जगल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे १९३० पासूनचा पुरावा. निजामाच्या राज्यात ज्याच्या नावावर गुंठा नव्हता, त्यानं कागद कुठून आणावा? पण त्याच कायद्याच्या नियमांत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही पुरावा धरलाय. इथं तुमचं काम आहे. तुम्हाला लिहिता येतं. सुट्टीला गावी जाल तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ बसा. कुठल्या डोंगरावर गुरं नेली, कुठून मोळ्या आणल्या, कुठला वणवा कुणी विझवला, सगळं लिहून घ्या, अंगठे घ्या. ती माणसं गेली की पुरावाही सरणावर जाईल.

आणि मागा. विझवायला जाणाऱ्याचं नाव हजेरीपटावर पाहिजे. पायात बूट पाहिजेत, विमा पाहिजे, पूर्ण मजुरी पाहिजे. एका काडीपायी सगळ्या वस्तीची चराई बंद करणारं पोटकलम रद्द झालं पाहिजे. आगीच्या हंगामाचे नियम ग्रामसभेत ठरले पाहिजेत, आणि त्या सभेत भूमिहीनांच्या बाया बोलल्या पाहिजेत.

आणि शेवटचं. विजयादशमीला आपण ज्या लेण्यांवर लाखोंनी जातो, त्या डोंगरावर उन्हाळ्यात पोरं सिगारेटी फुंकतात. आपलीही असतात. तिथं थोटूक टाकणाऱ्याचा हात धरा. वनखात्याचा शिपाई येईपर्यंत थांबू नका. तो डोंगर बुद्धाचा आहे म्हणून धरा, आणि खालच्या वस्तीतली शेळी त्याच्यावर जगते म्हणूनही धरा.

जय भीम!