सरासरीच्या आड काय दडते?
(बेळगाव येथे मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मराठी शाळांच्या पाहणीचे काम आपण हाती घेत आहोत. त्याआधी आकडे कसे मांडावेत यावर चार शब्द बोलावे, असे कार्यवाहांनी मला सांगितले. मी संशोधक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. पण आकड्यांनी माणूस कसा फसतो हे रोज बघतो, म्हणून उभा राहिलो.

सुरुवात आपल्याच एका चुकीने करतो. मागे आपण एका कार्यालयात शाळांबाबत निवेदन दिले. त्यात मराठी शाळांचा 'सरासरी पट' लिहिला होता. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "सरासरी तर चांगली आहे, मग तक्रार कसली?" आपल्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. आकडा खोटा नव्हता, पण आपण चुकीचा आकडा पुढे केला होता.

बँकेतले उदाहरण घ्या. समजा सात खाती आहेत. सहा खात्यांत ४, ५, ६, ७, ८ आणि १० हजार रुपये आहेत. सातवे खाते एका व्यापाऱ्याचे, त्यात ३ लाख १० हजार. एकूण झाले साडेतीन लाख, आणि सरासरी ५० हजार. आता या सातांत ५० हजारांच्या जवळपास तरी कोण आहे? एकही नाही. त्याऐवजी खाती चढत्या क्रमाने लावा आणि मधले, म्हणजे चौथे खाते बघा. तिथे ७ हजार आहेत. याला मध्यक म्हणतात. व्यापाऱ्याने उद्या एक कोटी भरले तरी मध्यक ७ हजारच राहील, सरासरी मात्र आभाळाला जाईल.

आता हेच शाळांना लावू. समजा एका भागात पाच मराठी शाळा आहेत आणि त्यांचा पट १२, १८, २५, ३५ आणि १६० आहे. बेरीज २५०, सरासरी ५०. मध्यक मात्र २५. इथे फरक नुसत्या गणिताचा राहत नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयीसाठी शाळेत त्या भाषेची किमान ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असावीत, असा निकष १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरला. १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण योजनेत तोच घेतला गेला. घटनेतले ३५० अ हे कलमही १९५६ चेच. आपली सरासरी ५० म्हणजे चाळिसाच्या वर, सगळे आलबेल! प्रत्यक्षात पाचांपैकी चार शाळा चाळिसाच्या खाली आहेत. त्या चार शाळांची मुले त्या एका मोठ्या शाळेच्या आड दडली.

निकषात 'किंवा वर्गात १०' असेही आहे, हे विसरू नका. ३५ पटाच्या शाळेत चार वर्गांत ९, ९, ९, ८ मुले असतील तर एकही वर्ग निकषात बसत नाही. तीच ३५ मुले १४, ११, ६, ४ अशी असतील तर दोन वर्ग बसतात. म्हणून नुसता शाळेचा पट लिहून आणू नका. वर्गवार लिहा, आणि शक्य असेल तर मागील पाच वर्षांचा लिहा. पहिलीचा पट दरवर्षी घटतोय का, हे त्यातूनच कळेल.

दुसरी गोष्ट, आकडा कोणत्या भागाचा घेतला. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावेत, असे संरक्षण योजनेत आहे. आता समजा एका जिल्ह्यात दहा तालुके, प्रत्येकाची लोकसंख्या एक लाख. दोन तालुक्यांत आपली माणसे ५० हजार, उरलेल्या आठांत पाच-पाच हजार. एकूण १ लाख ४० हजार, म्हणजे जिल्ह्यात १४ टक्के. जिल्हा धरला तर आपण निकषाबाहेर. तालुका धरला तर दोन तालुक्यांत निम्मी वस्ती आपली! आपल्याकडे खानापूर आणि अथणी एकाच जिल्ह्यात असले तरी भाषेच्या दृष्टीने एकसारखे नाहीत, हे आपण जाणतोच. खेडे हा घटक धरावा ही सीमाप्रश्नातली आपली जुनी मागणी म्हणजे याच गणिताचा भाग आहे.

तिसरी गोष्ट, संख्या आणि टक्केवारी यांतला फरक. २००१ च्या जनगणनेत देशात मराठी मातृभाषा असलेले ७ कोटी १९ लाख होते. २०११ मध्ये ते ८ कोटी ३० लाख झाले. वाढ सुमारे १५.४ टक्के. पण त्याच दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्के वाढली. त्यामुळे मराठीचा वाटा ६.९९ वरून ६.८६ टक्क्यांवर आला. एकजण म्हणेल मराठी वाढली, दुसरा म्हणेल घटली. दोघेही खरेच बोलतात. आपण निवेदनात दोन्ही आकडे लिहावेत, म्हणजे कोणी आपल्याला खोटे पाडणार नाही.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, नेमके काय मोजले. गोव्यात २०११ मध्ये कोकणी मातृभाषा असलेले सुमारे ६६ टक्के आणि मराठी सुमारे ११ टक्के नोंदले गेले. पण हा मातृभाषेचा आकडा आहे. मराठी वर्तमानपत्र वाचणारे, मराठी कीर्तन ऐकणारे कितीतरी गोवेकर घरी कोकणी बोलतात, ते या ११ टक्क्यांत नाहीत. तो आकडा चूक नाही, आपण त्याचा अर्थ भलता लावतो.

जनगणनेत मातृभाषा म्हणजे बालपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. आई लहानपणीच वारली असेल तर त्या वेळी घरात मुख्यतः बोलली जाणारी. याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा सांगता येतात. येत्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातली एक व्यक्ती सर्वांची माहिती भराभर सांगून मोकळी होते, आणि नातवंडे इंग्रजी शाळेत, बाहेर कन्नड किंवा हिंदी बोलतात म्हणून भलतेच काही लिहिले जाते. तसे होऊ देऊ नका. प्रत्येकाचे वेगळे सांगा आणि खरे सांगा. ज्या सुनेची आई तिच्याशी कन्नड बोलली तिची मातृभाषा कन्नडच लिहावी. फुगवलेला आकडा पहिल्याच तपासणीत पडतो आणि आपल्या खऱ्या आकड्यांनाही घेऊन पडतो.

आपल्या पाहणीतही हेच पथ्य पाळू. गणेशोत्सवात भेटलेल्या घरांनाच विचारले तर जे मंडळात येतात त्यांचेच चित्र मिळेल. ज्यांनी मुले मराठी शाळेतून काढली त्यांच्या घरी जायला हवे. तिथे चहा मिळेल न मिळेल, पण खरे कारण तिथेच कळेल.

कार्यकर्त्यांनी प्रत्येक भागासाठी एवढे लिहावे: किती शाळा पाहिल्या, सर्वांत कमी पट, सर्वांत जास्त पट, मध्यक, सरासरी, आणि चाळिसाखालच्या शाळा किती. सहा आकडे, एका पोस्टकार्डावर मावतील. सोबत वर्गवार तक्ता जोडावा. बेरजा तपासायला मी रविवारी कार्यालयात बसेन.

पुढच्या वेळी साहेब म्हणाले, "सरासरी चांगली आहे," तर आपण शांतपणे दुसरा कागद पुढे करू आणि सांगू, "साहेब, या चार शाळा बघा."