निवृत्तीचा पैसा : केव्हा घ्यावा, कुठे वळवावा



आरतीनंतर लगेच कराचा विषय काढतो आहे, सांभाळून घ्यावे. मी कर सल्लागार नाही, राज्य शासनाच्या खात्यात नोकरी करतो. पण निवृत्त होणारे सहकारी कागद घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा जे लक्षात आले ते सांगतो.

इंदूरातल्या आपल्या घरांत सरकारी नोकर आहेत, बँकेतले आहेत, पीथमपूर-देवासच्या कारखान्यांतलेही आहेत. निवृत्ती जवळ आली की सगळीकडे एकच चर्चा, किती मिळणार? केव्हा आणि कोणत्या रूपात घ्यायचे, हे कोणी विचारत नाही. कराचा बराचसा हिशोब मात्र त्यावरच ठरतो.

पहिले उदाहरण रजेचे. साठलेल्या रजेचे पैसे नोकरीत असतानाच घेतले, तर ते पगारात धरून त्यावर कर लागतो. तेच निवृत्तीच्या वेळी घेतले, तर सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण माफ. खाजगी नोकरीत ही माफी जास्तीत जास्त २५ लाखांपर्यंत, नियमांच्या चौकटीत. घरात लग्नकार्य आहे म्हणून दोन वर्षे आधी रजा विकण्यापूर्वी एवढे पाहावे.

दुसरे, पीएफ. आपल्या मुलांनी हे विशेष ऐकावे. नोकरी बदलताना पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर साधारणपणे कर लागतो. नव्या कंपनीत वळवला तर जुनी सेवा जोडून धरतात. निवृत्तीनंतर जमा रक्कम करमुक्त मिळते. पण ती खात्यातच ठेवली, तर नोकरी संपल्यानंतरचे व्याज करपात्र असते. 'पीएफला कर नसतो' या समजुतीने ते रिटर्नमध्ये दाखवायचे राहून जाते.

तिसरे, एनपीएस. २००५ नंतर लागलेल्या आम्हा राज्य कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांचा हाच आधार. निवृत्तीला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम घेता येते, तिला कर नाही. उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून ॲन्युइटी, म्हणजे कायमची पेन्शन घ्यावी लागते. ती घेताना कर नाही, पण दरमहा येणारी पेन्शन करपात्र. निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षे कंत्राटी काम मिळणार असेल, तर वेळेत अर्ज देऊन हे पैसे काढणे पुढे ढकलता येते. कमाई थांबल्यावर पेन्शन सुरू केली तर कराचा बोजा हलका होतो.

चौथे, हाती आलेला पैसा. ग्रॅच्युइटी करमुक्त मिळाली तरी तिचे व्याज करमुक्त नसते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवले, तर २०२५-२६ च्या ८.२ टक्के दराने वर्षाला २ लाख ४६ हजार व्याज होते. ते पेन्शनमध्ये मिळवूनच उत्पन्न मोजावे. मुदत ठेवीचे व्याज शेवटी एकदम मिळणार असले तरी बँक टीडीएसचा हिशोब दरवर्षी करते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पण शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला ही सवलत नाही.

शेवटी एक विनंती. ॲन्युइटी एकट्याच्या हयातीपुरती घेतली तर दरमहा जास्त मिळते, पती-पत्नी दोघांच्या हयातीची घेतली तर थोडे कमी. एकदा घेतली की सहसा बदलता येत नाही. कराचे दर दर अर्थसंकल्पात बदलतील, ही सही बदलणार नाही. आपल्यामागे घरात राहणाऱ्या माणसाला त्या वेळी आपण नसू. म्हणून फॉर्म भरण्याआधी पत्नीला शेजारी बसवा, आकडे तिलाही समजू द्या, नॉमिनीचे नाव तपासा. निवृत्तीच्या किमान वर्षभर आधी हे करा आणि एकदा सी.ए.ला कागद दाखवा.

गणपती बाप्पा मोरया!