नोकरीचा अर्ज आणि मोबाईलवरचा फोटो
(रोहणा येथे दिलेले भाषण)



नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या आपल्या मुलामुलींचे फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप मालक पाहतो काय, आणि पाहिले तर काय होते, यावर मला बोलायचे आहे.

आधी आडनावाचे पाहू. आपल्या विदर्भातील अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले होते. शिक्षण सारखे असतानाही पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक तृतीयांशच भरली. तेव्हा मालकाजवळ फक्त कागदावरचे नाव होते. आज अर्जावरचा नंबर मोबाईलमध्ये टाकला की डीपी दिसतो. डीपीवर बाबासाहेब असतात, निळा झेंडा असतो.

अमेरिकेत ॲक्विस्टी आणि फाँग या संशोधकांनी असाच प्रयोग केला. त्यात धर्म अर्जावर नव्हता, फक्त इंटरनेटवरच्या खात्यावर होता. थोडेच मालक खाते शोधतात असे दिसले. तरीही देशाच्या काही भागांत मुस्लिम उमेदवाराला बोलावणे कमी आले.

मग आईवडील विचारतात, बाबासाहेबांचा फोटो काढून टाकावा काय? माझ्या मते काढू नये. १९१७ साली अमेरिका-इंग्लंडात शिकून बडोद्याच्या नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव घेऊन ते पारशी धर्मशाळेत राहिले आणि थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेली माणसे दारात उभी झाली. नाव लपवूनही ती नोकरी टिकली नाही. शिवाय आपले आडनाव टी.सी.वर आहेच. मात्र या फोटोची किंमत पडू शकते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर चार ठिकाणांहून नकार आला की पोरगा स्वतःलाच नालायक समजू लागतो. हे नुकसान नोकरी न मिळण्याहून मोठे.

फोटो वेगळा आणि शिवीगाळ वेगळी. कोणी बाबासाहेबांबद्दल वाईट लिहिले की आपली पोरे रात्री बाराला स्टेटस टाकतात. राग खरा असतो, पण भाषा घसरते. स्टेटस चोवीस तासांनी जाते, त्याचा स्क्रीनशॉट राहतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून केवढा दंगा झाला, गुन्हे दाखल झाले, ते आपण पाहिले. पोलीस भरती असो की रेल्वे, नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणी असते. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे की अटक, खटला यांबाबत फॉर्ममध्ये विचारलेली माहिती खरीच द्यावी लागते. ती लपविली तर लागलेली नोकरी जाऊ शकते, आणि खरी दिली तरी नेमायचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार मालकाकडे राहतो. पंचशीलातले चौथे शील आपण दर पौर्णिमेला घेतो. ते मोबाईललाही लागू आहे, एवढेच म्हणतो.

तर काय, अपमान गिळायचा? मुळीच नाही. अनुसूचित जाती-जमातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अवमान हा ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला आहे. त्या मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ लिहा, वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच मागा. अशी तक्रार देणाऱ्याच्या चारित्र्य पडताळणीत ती आड येत नाही.

आयटीआयच्या मुलामुलींना आणखी एक सांगतो. तुम्ही बसविलेला वायरिंगचा बोर्ड, केलेले वेल्डिंग, शिवलेला कपडा यांचे फोटो खात्यावर ठेवा. पुलगाव, वर्धा, बुटीबोरीला ओळख नसलेल्या पोराजवळ दाखवायला दुसरे काय असते? आणि पडताळणीचा फॉर्म आला, त्यातला एखादा रकाना समजला नाही, तर अंदाजाने भरू नका. फॉर्म घेऊन विहारात या, इथे सेवानिवृत्त मंडळी आहेत, त्यांनी असे फॉर्म आयुष्यभर भरले आहेत.

नमो बुद्धाय, जयभीम.